बी विंगमधला मुंजा

"फ्रीज, मला भूक लागली आहे," ओजस म्हणाला.

मी फ्रीजपासून दोन हातांवर पोळ्या लाटत होते. फ्रीज काही बोलला नाही, म्हणून मीच विचारलं, "तूप-साखरेची पोळी देऊ?"

"फ्रीज, चालेल. पण गुंडाळी करून."

मी गुंडाळी केली आणि फ्रीजवर ठेवली. ती त्यानं उचलली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. आमच्या संवादाची ही तऱ्हा गेले दहा दिवस चालू होती. आठ वर्षांच्या माझ्या मुलानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. श्रीरंग, म्हणजे त्याचे बाबा, घरात असले की निरोप त्यांच्यामार्फत यायचे. "बाबा, आईला सांग, आमटीत मीठ नाही." बाबा बँकेत गेले की फ्रीज. टीव्हीही चालला असता, पण तो मध्ये मध्ये बोलतो.

आणि हे सगळं डोक्यात माकडटोपी घालून. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा पाचावर, भिंतीवर पाल सुद्धा दमून बसलेली, आणि हा पोरगा कपाळापासून हनुवटीपर्यंत लोकरीत गुंडाळलेला. झोपताना टोपी, जेवताना टोपी. शाळेत मी चिठ्ठी पाठवली होती, "कानाला वारा लागतो." बाईंनी वहीत लिहून पाठवलं, "कोणता वारा?"

दोष माझा होता, हे आधीच सांगून टाकते. मला सगळं घरी करायची खोड आहे. विकतची वस्तू म्हणजे आपल्याला कुणीतरी गंडवलं, असं माझ्या आईचं ठाम मत होतं आणि लग्नात भांड्यांबरोबर तेही मी सासरी घेऊन आले. जुन्या छत्रीच्या कापडाची मी पिशवी शिवली होती, साडीचे पडदे केले होते, पडद्यांचे अभ्रे आणि अभ्र्यांची पायपुसणी. श्रीरंग म्हणायचा, "या घरात एक जागी फार वेळ उभं राहायला भीती वाटते. हिनं आपलं काही शिवलं म्हणजे?"

तर त्या रविवारी न्हाव्याकडे रांग होती. मी मनाशी म्हटलं, यात काय एवढं? डोक्यावर वाटी ठेवायची आणि कडेकडेनं कापत जायचं. ओजस बिचारा विश्वासानं स्टुलावर बसला होता, मांडीवर कॉमिक घेऊन. वाटी मी मिसळणाच्या डब्यातली घेतली, ती लहान निघाली. डावीकडे जास्त गेलं म्हणून उजवीकडे बरोबर केलं, मग उजवीकडे जास्त गेलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात, पण माझा मारुतीही होईना. मागच्या बाजूला एक पायरी झाली होती, ती काढायला गेले तर तिच्याखाली दुसरी झाली. श्रीरंग पेपर घेऊन आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे असंच राहणार, की अजून पुढे काही आहे?"

ओजसनं आरशात पाहिलं. रडला नाही. शेवटी न्हाव्याकडेच नेलं, आणि खुर्चीत बसल्यावर न्हाव्यानं विचारलं, "हे कुणी केलं?" तेव्हा त्यानं आरशातूनच माझ्याकडे बोट दाखवलं. शून्य नंबरचं मशीन फिरवण्यावाचून इलाज नव्हता. "डोकं मात्र छान गोल आहे हो, ताई," न्हावी म्हणाला. त्या दिवसातली तेवढी एकच बरी बातमी.

तेव्हापासून तो खाली खेळायला गेला नव्हता. संध्याकाळी पार्किंगमध्ये पोरांचा कल्ला चालायचा आणि हा गॅलरीच्या गजांना टोपी टेकवून बसायचा. त्यानं आदळआपट केली असती, मला बोलला असता, तर मला बरं वाटलं असतं. ती गजांना टेकलेली टोपी मला बघवायची नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसायची.

दहाव्या दिवशी पल्लवी ढमढेरे आली. ही आमच्या सोसायटीची सांस्कृतिक समिती. समितीत आणखी दोघी होत्या, पण त्यांना ते माहीत नव्हतं.

"उद्या हॅलोविन आहे," ती म्हणाली. "यंदा पहिल्यांदाच करतोय आपण. मुलांनी भुतांचे वेश करायचे, दारोदार जायचं, लोक चॉकलेटं देणार. मग पार्किंगमध्ये बक्षीस."

"आपल्याकडे भुतांची टंचाई आहे का, बाहेरून मागवायला?" मी म्हटलं. सोसायटी कर्वेनगरातली, तारीख तीस ऑक्टोबर, दिवाळी तोंडावर, आणि हिचं हे.

"गंमत असते गं. जुईला मी तयार ड्रेस आणला चेटकिणीचा, टोपी आणि झाडूसकट." तिनं किंमत सांगितली. मी दाराची कडी घट्ट धरली. "ओजसला नक्की पाठव. किती दिवसांत दिसला नाही खाली."

ती गेली. मागे पाहिलं तर माकडटोपी दिवाणखान्याच्या दारात उभी होती.

"फ्रीज," टोपी म्हणाली, "जुई चेटकीण होणार आहे. आणि पार्थ सांगाडा." मग बऱ्याच वेळानं, "सगळेच जाणार आहेत."

दहा दिवसांत त्यानं स्वतःहून फ्रीजला सांगितलेली ही पहिली गोष्ट, जी खाण्याची नव्हती. त्याला जायचं होतं. मला तर त्याच्यापेक्षा जास्त जायचं होतं, म्हणजे त्यानं जावं असं मला इतकं वाटत होतं, की त्या रात्री मी अख्खं कपाट उपसलं.

आधी चादरीचं भूत केलं. डोळ्यांना दोन भोकं पाडली, वरून घातलं. पण आमच्या पांढऱ्या चादरीवर बारीक गुलाबी फुलं होती. श्रीरंग म्हणाला, "हे भूत डोहाळजेवणाला निघालंय." मग काळ्या बनियनवर खडूनं हाडं काढली. ओजस एकदा खुर्चीला टेकून बसला आणि बरगड्या खुर्चीवर गेल्या. आणि दोन्हीकडे मुख्य अडचण तीच होती. माकडटोपी घातलेलं भूत कुणी पाहिलंय? आणि टोपी काढायची तर आतून काय निघणार, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

"फ्रीज, राहू दे," ओजस म्हणाला आणि झोपायला गेला.

सकाळी त्याची आंघोळ चालली होती आणि न्हाणीघराचं दार जरासं उघडं होतं. आंघोळीपुरती टोपी खुंटीवर. पाठमोरा बसला होता, गोल गरगरीत डोकं, त्यावर पाण्याचे थेंब. मी टॉवेल घेऊन उभी होते आणि एकदम मला आमच्या गावचा पिंपळ आठवला.

माझं माहेर दापोलीकडचं. शाळेच्या मागे पिंपळ होता आणि त्यावर मुंजा होता. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी येत होतं. तिन्हीसांजेला त्या झाडाखालून जाताना आम्ही श्वास रोखून पळायचो. कमरेला लंगोटी, गळ्यात जानवं, हातात दंड, तुळतुळीत डोकं आणि मागे शेंडी. तुळतुळीत डोकं. जगात इतकी भुतं आहेत, पण टकलावाचून ज्याचं अडतं असं हे एकच.

मी धावत स्वयंपाकघरात गेले आणि ओजस पोहे खायला येईपर्यंत थांबले. मग फ्रीजकडे तोंड करून म्हणाले, "फ्रीज, एक भूत आहे बघ, त्याला डोक्यावर केस चालतच नाहीत. केस असले तर बाकीची भुतं त्याला आपल्यात घेत नाहीत."

मागे चमचा थांबला.

"फ्रीज, विचार, ते दगड मारतं का?"

"मारतं. पिंपळावर बसून. जाणाऱ्या-येणाऱ्याला."

"फ्रीज, त्याला घालायला काय काय लागतं?"

"जवळजवळ काहीच नाही," मी म्हणाले.

ते भूत माझ्यासाठीच जन्माला आलं होतं. श्रीरंगच्या जुन्या धोतराचा पंचा केला आणि त्याचीच लंगोटी. जानव्याला क्रोशाचा दोरा. कमरेच्या मेखलेला सुतळीची वेणी, दंडाला जुन्या केरसुणीचा दांडा. शेंडीचा प्रश्न होता, तो माझ्या लग्नातल्या गंगावनानं सोडवला. गंगावन कमरेपर्यंत लांब, ते बेतशीर करायला मी कात्री उचलली तर ओजस दोन्ही हात डोक्यावर ठेवून टेबलाखाली गेला. मग कात्री श्रीरंगकडे दिली. शेंडी आम्ही जखमेच्या चिकटपट्टीनं चिकटवली. अंगाला तांदळाची पिठी फासली, भुतासारखं पांढरं दिसावं म्हणून, आणि डोळ्यांभोवती काजळ घातलं.

"मुंज न करताच मुंजा केलास पोराचा," श्रीरंग म्हणाला. "हॉल वाचला, आचारी वाचला. तुझ्या आईला अभिमान वाटेल."

फक्त एक गोष्ट मी विसरले. पिठी फासून झाल्यावर ओजसनं माकडटोपी पुन्हा चढवली. खाली जाईपर्यंत काढणार नाही, असं त्यानं फ्रीजला सांगितलं.

संध्याकाळी सातला बी विंगच्या जिन्यात भुतं जमली. जुई चेटकीण, पार्थ सांगाडा, दातांतून लाल रंग गळणारे तिघं-चौघं, एक कोळी. मी मागे आयांच्या घोळक्यात उभी होते. ओजसनं माझ्याकडे नाही, जिन्याच्या कठड्याकडे बघून टोपी काढली.

टोपीनं पिठी पार पुसून नेली होती. घामानं उरलीसुरलीही उतरली. तिथे उभा होता तो गोरा गोमटा, काजळ घातलेला, नुकताच न्हाऊन आलाय असा वाटणारा एक बटू. चकचकीत डोकं, शेंडी, जानवं, दंड. भुताचा मागमूस नाही. पोरं टकामका बघत राहिली. तेवढ्यात पार्थ म्हणाला, "ए, ही शेंडी खरी आहे?" आणि ओढून बघितली. ती निघाली, मग पुन्हा लावली, मग ती प्रत्येकाला एकदा ओढायची होती. टकलाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पहिलं दार वर्तकआजींचं. ऐंशीच्या आजी, एकट्या राहायच्या, मुलगा नागपूरला. पोरांनी बेल वाजवून "ट्रिक ऑर ट्रीट" असा गिल्ला केला. आजींनी दार उघडलं, हातात गोळ्यांची बरणी. एक गोळी चेटकिणीला दिली, एक सांगाड्याला, आणि मग त्यांची नजर ओजसवर गेली.

"अगं बाई," आजी म्हणाल्या. "मुंज झाली?"

मग त्यांना मागे मी दिसले. "मृदुला, शेजारीपाजारी आहोत ना आम्ही? साधं बोलावणं नाही?"

"आजी, तसं नाही, तो..."

"थांबा, थांबा सगळे." बरणी सांगाड्याच्या हातात देऊन त्या आत गेल्या. आतून कपाटाचा आवाज आला, डबे वाजले. आल्या तेव्हा हातात चांदीची वाटी होती, वाटीत तांदूळ, वर बेसनाचा लाडू. "म्हण, बाळा. ओम भवति भिक्षां देहि."

ओजसनं मागे पाहिलं. मी काही म्हणायच्या आत पंच्याचा सोगा पुढे करून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "ओम भवति भिक्षां देहि!" आणि आजींनी डोळे पुसत वाटीसकट भिक्षा वाढली.

बाकीच्या भुतांनी आपापल्या हातातल्या एकेका गोळीकडे पाहिलं.

मी सांगायला हवं होतं. आत्ता, इथेच. पण ओजसच्या तोंडावर दहा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं होतं, आणि आई झालं की माणूस थोडं लबाड होतं. मी मनात म्हटलं, नंतर सांगू.

पुढच्या दाराला बापट. तिथे कळवलं नाही म्हणून आधी मला बोलणी बसली आणि मग ओजसला अकरा रुपये आणि नारळ. वरच्या मजल्यावर बातमी आमच्या आधी पोचली होती, कारण बापटवहिनींनी फोन केला होता. बायका ताटं घेऊन दारात उभ्या होत्या. राजगिऱ्याचे लाडू, केळी, एक शर्टाचं कापड. एका बाईंनी चकल्याही वाढल्या. ताज्या होत्या, म्हणाल्या. पंचा पुरेना म्हणून जुईनं चेटकिणीची टोपी उलटी करून दिली. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत ट्रिक ऑर ट्रीट कुणी म्हणत नव्हतं. रक्त गळणारे तिघं, सांगाडा आणि कोळी रांगेत उभे राहून हात पसरून म्हणत होते, "ओम भवति भिक्षां देहि." आणि मिळतही होतं. त्यात चौथ्या मजल्यावरचे लालवाणी तर, हा कुठला सण, असं न विचारताच सगळ्यांना काजूकतली देऊन मोकळे झाले.

सगळ्यांच्या मध्ये ओजस दंड आपटत चालला होता, टोपीवाचून, डोक्याला वारा लागत. मी मागून चालताना मनात कबूल केलं, की चांदीची वाटी परत करायची, सगळ्यांची माफी मागायची, काय वाटेल ते करायचं. पण उद्या.

उद्यापर्यंत वेळ मिळाला नाही. पार्किंगमध्ये पल्लवीनं माईक लावला होता. आजी सुद्धा खाली आल्या होत्या, बटूचं कौतुक बघायला, खुर्चीवर पहिल्या रांगेत. पल्लवी एकेकाला विचारत होती, तू कोण, तू कोण. ओजसची पाळी आली.

"आणि हा आपला छोटा बटू..."

"मी बटू नाही," ओजस माईकमध्ये म्हणाला. "मी मुंजा आहे. मी मेलेला आहे."

मागे कुणीतरी हसलं. पल्लवीही हसली. "अरे बापरे. कशानं मेलास?"

ओजसनं विचार केला. "आईनं मारलं," तो म्हणाला.

लोक पुन्हा हसले, पण वर्तकआजी हसल्या नाहीत. त्या खुर्चीत सावरून बसल्या आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "मृदुला, जिवंत लेकराचा मुंजा केलास? आणि मी त्याला भिक्षा वाढली गं. मुंज्याला."

त्या रागावल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण त्यांनी ओजसकडे बघून हात जोडले. आणि मी, पिठी, सुतळी आणि गंगावन यांचा हिशेब जमवणारी, इतकं साधं विसरले होते, की मुंजा म्हणजे कुणाचा तरी गेलेला मुलगा. मला शरम वाटली. मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. वाटी, पायऱ्या, शून्य नंबर, माकडटोपी, फ्रीज. सांगता सांगता रडू आलं, कारण फ्रीजचं दुसऱ्या कुणाला सांगितलं की ते जास्तच वाईट वाटतं.

आजी ऐकत होत्या. बराच वेळ त्या ओजसकडे बघत राहिल्या. तो सांगाड्याला चकली देत होता.

"फ्रीज?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग हा नुसता वेश नाही. अडकलाय खरंच." आजी उठल्या. "मुंजा का होतो? सोडमुंज राहिली म्हणून. मग करू या. सुटेल."

आजींनी एकदा ठरवलं की पल्लवीची सांस्कृतिक समिती सुद्धा बाजूला सरते, हे त्या दिवशी कळलं. सोडमुंजेला काय लागतं ते त्यांना तोंडपाठ. श्रीरंगनं घरून दिवाळीचा नवा शर्ट, चड्डी आणि बूट आणले. आजींनी यजमानांची काळी छत्री मागवली आणि जरीची टोपीही. श्रीरंगनं कमरेची सुतळी सोडली. शर्ट चढवला, बूट घातले, छत्री हातात दिली. आजी टोपी घालायला गेल्या तर ओजसनं मान मागे घेतली.

"टोपी नको, आजी. उकडतं."

मी आणि श्रीरंगनं एकमेकांकडे पाहिलं.

"आता तू काशीला निघालास," आजींनी सांगितलं. "संन्यास घ्यायला. मामा तुला अडवणार, मुलगी देतो म्हणणार, मग तू परत यायचं. मामा कुठे आहे?"

माझा भाऊ ठाण्याला. मग मामा म्हणून जुईच्या वडिलांना, ढमढेऱ्यांना उभं केलं. ते जिममध्ये जाणारे, अडवायला बरे. ओजस छत्री घेऊन निघाला. ढमढेरे हात पसरून म्हणाले, "बाळा, काशीला जाऊ नकोस. मी तुला माझी मुलगी देतो."

"पप्पा," चेटकीण म्हणाली, "मला विचारलं का?"

"मलाही नको," ओजस म्हणाला. "ती खेळताना चिडते." आणि ढमढेऱ्यांच्या हाताखालून वाकून पुढे गेला.

सोडमुंजेत असं कधी होत नाही. मामानं अडवायचं आणि बटूनं थांबायचं, पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. ओजस पार्किंग ओलांडून चालत राहिला, छत्री उघडून, थेट गेटकडे. सगळी सोसायटी मागे. आता त्याला कशानं थांबवायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि मला तर मुळीच नाही. मी त्याच्यामागे जवळजवळ धावत होते. खेळच होता, गेटबाहेर फार तर किराणा दुकान होतं, तरी धावत होते.

गेटवर वॉचमन गायकवाडांनी हात आडवा केला. "कुठे?"

"काशीला," ओजस म्हणाला.

"सोबत मोठं माणूस कोण आहे? एकट्या मुलाला गेटबाहेर सोडत नाही. नियम आहे."

तोवर आम्ही पोचलो. आजी दमून श्रीरंगच्या हाताला धरून उभ्या राहिल्या. "मामाचं ऐकत नसेल तर आईनं थांबवावं," त्या म्हणाल्या. "जा, मृदुला."

मी पुढे झाले. ओजसनं छत्री तोंडावर ओढून घेतली आणि गायकवाडांना म्हणाला, "काका, आईला सांगा..."

"मी कशाला सांगू?" गायकवाड म्हणाले. "ती काय, समोरच उभी आहे. तूच सांग की."

गेटवर फ्रीज नव्हता. बाबा आजींना धरून लांब उभे. छत्रीच्या काठाखाली मला फक्त दोन नवे बूट दिसत होते, एकावर एक पाय चढवून उभे राहिलेले.

"आई," छत्री म्हणाली.

"काय रे?"

"परत माझ्या केसांना हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"कधीच."

"कधीच नाही."

"वाटी पण नाही."

"वाटी पण नाही. देवाशपथ."

मग छत्री मिटली. काजळ गालांवर उतरलं होतं आणि शेंडी कानावर लोंबत होती.

"मला भूक लागली आहे," तो मला म्हणाला.

आजींची वाटी मी दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत न्यायला गेले. त्यांनी घेतली नाही. "दिलेली भिक्षा परत घेत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यातून मुंज्याची तर नाहीच. मागे लागतो." बक्षीस जुईला मिळालं, त्याबद्दल कुणाला शंका नव्हती, परीक्षक तिची आई होती.

मी वचन पाळलं. पुढच्या वर्षी त्याची खरी मुंज झाली तेव्हा न्हावी केस काढत होता आणि मी दहा फूट लांब हात मागे बांधून उभी होते. शाळेच्या फोटोच्या दिवशी सुद्धा मी कंगवा त्याच्या हातात द्यायची. तो मोठा होत गेला, उंच झाला. ताप आला की कपाळावर हात ठेवताना मी केस टाळून ठेवायची. त्याच्या लक्षात आलं असेल की नाही, मला माहीत नाही. वर्तकआजी नागपूरला मुलाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. वाटी आमच्या देवघरात आहे.

मग ते वर्ष आलं, सगळी दारं बंद होती ते. न्हाव्याचं दुकान मार्चमध्ये बंद झालं. ओजस सोळाचा होता. जूनपर्यंत त्याचे केस खांद्यावर आले, ऑनलाइन वर्गात सर त्याला विचारायचे, ओजस, तू आहेस का आत? श्रीरंगनं स्वतःचे केस स्वतः कापले आणि आठवडाभर कॅमेरा बंद ठेवून बँकेच्या मीटिंगला बसला. मी गप्प होते. कात्री मी कपाटात ठेवून दिली होती.

एका रविवारी मी पोळ्या लाटत होते. ओजस आला, स्टूल ओढून फ्रीजसमोर ठेवलं, खाली पेपर पसरला आणि बसला. हातात कात्री होती. ती त्यानं माझ्यापुढे धरली.

मी लाटणं खाली ठेवलं. "मी वचन दिलंय तुला," मी म्हणाले. "गेटवर. देवाशपथ."

"ते मुंज्याला दिलं होतंस," ओजस म्हणाला. "तो सुटला ना तेव्हाच."

मी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. कात्री घेतली. त्याच्या मानेवर टॉवेल टाकला आणि आठ वर्षांनी त्याच्या केसांत हात घातला. डोकं अजून तसंच होतं, छान गोल.

"आई," त्यानं मान न वळवता सांगितलं, "वाटी मात्र आणू नकोस."